स्वालबार्ड : न मावळणारा सूर्य आणि चौविहार

आमच्या सौ.चे चौविहाराचे पच्चक्खाण एकतीस वर्षांचे आहे. या काळात माझ्या बदल्या झाल्या, घरातली लग्नकार्ये झाली, इस्पितळाच्या खाटेवरचे दिवसही आले. परंतु सूर्यास्तानंतर तिच्या मुखात पाण्याचा थेंब गेला नाही. त्यामुळे ऑस्लोत राहणाऱ्या आमच्या कन्येने ‘यंदा जूनमध्ये या, आपण स्वालबार्डला जाऊ’ असा आग्रह धरला, तेव्हा घरात पहिला प्रश्न थंडीचा अथवा खर्चाचा निघाला नाही. ‘तिथे सूर्य मावळतो किती वाजता?’ एवढेच सौ.ने विचारले. फोनवर क्षणभर शांतता झाली आणि मग कन्या म्हणाली, ‘ऑगस्टमध्ये, आई.’

स्वालबार्ड हा नॉर्वेच्या मुख्य भूमीपासून बराच उत्तरेला, उत्तर ध्रुवाच्या वाटेवर असलेला द्वीपसमूह. आपला बुलढाणा सुमारे साडेवीस अक्षांशावर. स्वालबार्ड चौऱ्याहत्तर ते एक्क्याऐंशी अक्षांशांच्या दरम्यान पसरलेला. क्षेत्रफळ आपल्या जिल्ह्याच्या सहापटींहून थोडे अधिक, आणि वस्ती मात्र तीन हजारांच्या आत. निम्म्याहून अधिक भूमी हिमनद्यांखाली आहे. झाड नावाची वस्तू नाही. ध्रुवीय विलो नावाची एक वनस्पती आहे, ती वृक्षांच्या कुळातली असूनही बोटभर उंचीच्या पुढे जात नाही, जमिनीला चिकटून वाढते. लाँगइअरबीन हे मुख्य गाव अठ्ठ्याहत्तर अक्षांशावर आहे. तेथे साधारण २० एप्रिलला सूर्य क्षितिजावर येतो तो २२-२३ ऑगस्टपर्यंत खाली जात नाही. उलट २६ ऑक्टोबरच्या सुमारास जो जातो तो फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत वर येत नाही. आणि गाव डोंगरांच्या कुशीत असल्यामुळे गावकऱ्यांच्या अंगावर ऊन पडायला ८ मार्च उजाडतो.

या प्रदेशाशी भारताचा संबंध पुष्कळांना वाटतो त्यापेक्षा जुना आहे. ९ फेब्रुवारी १९२० रोजी पॅरिसमध्ये स्वालबार्डविषयीचा करार झाला, त्यावर ब्रिटनने हिंदुस्थानच्या वतीनेही सही केली होती. द्वीपांवर सार्वभौमत्व नॉर्वेचे, परंतु करारातील सर्व देशांच्या नागरिकांना तेथे समान वागणूक, अशी त्याची व्यवस्था. म्हणून आजही स्वालबार्डसाठी स्वतंत्र व्हिसा लागत नाही. मात्र वाट ऑस्लोवरूनच जात असल्याने शेंगेनचा व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा घ्यावा लागतो, हे जाऊ इच्छिणाऱ्यांनी ध्यानी ठेवावे. १ जुलै २००८ रोजी तेथील नी-ओलेसुंड या संशोधकांच्या गावात ‘हिमाद्री’ हे भारताचे केंद्र सुरू झाले. त्याचा कारभार गोव्यातील वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रातून चालतो. आपल्या मान्सूनचा ध्रुवीय हवामानाशी काय धागा आहे, हा तेथील अभ्यासाचा एक विषय. २०२३च्या डिसेंबरपासून आपले संशोधक तेथील अखंड रात्रीतही राहून काम करू लागले आहेत. आम्हाला नी-ओलेसुंडपर्यंत जाता आले नाही. त्याची रुखरुख आहे.

सौ.च्या प्रश्नाकडे वळतो. मी माझ्या परीने तो सोडवून टाकला होता. रात्रिभोजनाचा त्याग कशासाठी? अंधारात सूक्ष्म जीव दिसत नाहीत, दिव्यावर कीटक येतात, अन्नात पडतात, त्यांची हिंसा होते, म्हणून. जेथे अंधारच नाही आणि हवेत कीटकही जवळजवळ नाहीत, तेथे निर्बंध लागू होण्याचे कारणच उरत नाही. सदतीस वर्षे कर्जाच्या मंजुरीपत्रांतील अटी वाचण्यात गेली असल्याने मला हे अगदी स्वच्छ दिसत होते. सौ.ने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, ‘अहो, हप्त्याची तारीख कॅलेंडरात नाही म्हणून कर्ज माफ होते का?’

कन्येने आणखी एक पेच टाकला. ‘बाबा, तुमचा नियम हिवाळ्यात लावून पाहा. सूर्य उगवलाच नाही तर नवकारसी कधी येणार? साडेतीन महिन्यांचा उपवास?’ माझ्यापाशी उत्तर नव्हते.

शेवटी आम्ही स्थानकात महासतीजींकडे गेलो. त्यांनी सारे ऐकून घेतले आणि त्यांना हसू आले. ‘आम्ही पायी विहार करणारे,’ त्या म्हणाल्या, ‘आमचे पाय नेतात तिथवर सूर्य रोज मावळतो. त्यामुळे हा प्रश्न आजवर कोणी आणला नव्हता.’ मग त्यांनी सौ.ला विचारले, ‘पच्चक्खाण कुठे घेतलेत?’ सौ. म्हणाली, ‘चिखलीत, यांची तिथे बदली होती तेव्हा.’ ‘मग तिथलाच सूर्य धरा. प्रकृती बिघडली तर हट्ट करू नका, परत आल्यावर प्रायश्चित्त घ्या.’ एवढेच बोलून त्या पुढच्या श्राविकेकडे वळल्या.

त्या रात्री मी हिशेब मांडला. जूनअखेरीस आपल्याकडे सूर्य सायंकाळी सात वाजून दहा मिनिटांच्या सुमारास मावळतो. स्वालबार्डचे उन्हाळी घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे. म्हणजे सौ.चा सूर्यास्त तेथे दुपारी तीन-चाळीसला. आपला सूर्योदय पहाटे पावणेसहानंतर, त्यात नवकारसीची अठ्ठेचाळीस मिनिटे मिळवली की तेथले पहाटेचे तीन वाजून काही मिनिटे. मी कागद तिच्या हाती दिला. तिने तो घडी करून मुहपत्तीच्या डबीत ठेवला.

आपल्या पूर्वसूरींनी दिवसाच्या लांबीचा विचार केला नव्हता असे मात्र नाही. सूर्यप्रज्ञप्तीत सर्वांत मोठा दिवस अठरा मुहूर्तांचा आणि सर्वांत लहान बारा मुहूर्तांचा सांगितला आहे. मुहूर्त म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटे. तेव्हा मोठ्यात मोठा दिवस चौदा तास चोवीस मिनिटांचा झाला. उत्तर भारतात राहून आकाश पाहणाऱ्यांच्या अनुभवाशी तो बराच जुळतो. लाँगइअरबीनचा उन्हाळी दिवस याच मापाने मोजला तर साडेतीन हजारांहून अधिक मुहूर्तांचा भरतो. सूत्रकारांच्या गणितात अशा दिवसाला जागा नव्हती. आपल्या महाराष्ट्रात या दीर्घ दिवस-रात्रींचा ध्यास घेतला तो लोकमान्य टिळकांनी. १९०३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द आर्क्टिक होम इन द वेदाज’ या ग्रंथात त्यांनी वेदांतील लांबलेल्या उषा आणि दहा महिन्यांची यज्ञसत्रे यांवरून आर्यांचे मूळ घर ध्रुवप्रदेशात असल्याचा पक्ष मांडला. तो पक्ष आज विद्वानांत मान्य नाही. तथापि सूर्यावर बांधलेला आचार सूर्यच बदलला तर कसा चालतो, हा त्यांना पडलेला प्रश्न माझ्या स्वयंपाकघरात येऊन उभा राहील असे विद्यार्थिदशेत तो ग्रंथ चाळताना वाटले नव्हते.

२०२५च्या जूनच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही तिघे लाँगइअरबीनला उतरलो. निघताना बुलढाण्यात पाऊस नुकता सुरू झाला होता. तेथे तापमान चार-पाच अंशांवर होते. निवासस्थानी पाऊल टाकताच सौ. प्रसन्न झाली, कारण दाराशीच पादत्राणे काढून ठेवण्याची मांडणी होती. हा गाव कोळशाच्या खाणींवर उभा राहिला. खाणकामगारांच्या बुटांना लागलेली काजळी घरात येऊ नये म्हणून बूट बाहेर काढण्याची प्रथा पडली आणि ती वसतिगृहांत, संग्रहालयात, अनेक सार्वजनिक जागी आजही पाळली जाते. आम्ही गेलो त्याच महिन्यात तेथली नॉर्वेची शेवटची खाण बंद होत होती; प्रथा राहिली. ‘स्थानकासारखेच आहे की,’ असे म्हणून सौ.ने पायमोज्यांनीच सारी इमारत पाहून घेतली.

पहिल्या ‘रात्री’ मला झोप लागली नाही. जाड पडद्यांच्या फटीतून साडेअकराला जे ऊन येत होते तेच अडीचला येत होते, फक्त भिंतीवरची त्याची जागा बदलली होती. सूर्य माथ्यावर येत नाही, की बुडतही नाही. आकाशाच्या कडेने घाण्याच्या बैलासारखा फिरत राहतो. मी दहा वाजता कन्येबरोबर जेवलो होतो. उजेड होता, नियम मोडला नव्हता, माझे स्वतःचे तर पच्चक्खाणही नाही, तरी सौ. शेजारच्या खुर्चीवर बसून माळ ओढीत असताना समोरचा घास नेहमीसारखा गेला नाही. तिने दुपारी तीनलाच आपला डबा उघडून मेथीचा ठेपला व मुगाचे वरण घेतले होते, पाणी पिऊन हात धुतले होते आणि घड्याळात तीन-चाळीस होताच प्रतिक्रमणाला बसली होती. खिडकीबाहेर लख्ख ऊन होते.

दुसऱ्या दिवशी गावाबाहेर पायी फिरण्याचा बेत होता. वस्तीबाहेर पाऊल टाकताना ध्रुवीय अस्वलाला घाबरवून हुसकावण्याचे साधन सोबत असणे कायद्याने आवश्यक आहे. आमच्या वाटाड्याच्या खांद्यावर बंदूक पाहून सौ. थबकली. तो समजूतदार होता. त्याने सांगितले, पहिला नियम अस्वल दिसताच आपण दूर जाण्याचा. मग आवाज करणारी बत्ती. बंदूक अगदी अखेरची. जिवावर बेतल्यामुळे अस्वल मारले गेले तरी राज्यपालांचे कार्यालय प्रत्येक प्रकरणाची चौकशी करते. मग त्याने चालण्याचे नियम सांगितले. फूल तोडायचे नाही. शेवाळावर शक्यतो पाय द्यायचा नाही, कारण बुटाचा ठसा भरून यायला तेथे वर्षे लागतात. घरट्यांजवळून जायचे नाही. पक्ष्यांच्या रक्षणासाठी या गावात मांजर पाळण्यालाही बंदी आहे. सौ. कन्येच्या कानाशी म्हणाली, ‘ईर्यासमितीच शिकवतोय हा.’ आणि नंतरचे दोन तास ती खाली पाहून, पाऊल जपून टाकीत अशी चालली की वाटाड्याने इतरांना तिच्यामागून यायला सांगितले.

याच द्वीपांचा इतिहास मात्र याच्या अगदी उलट आहे. १५९६ साली विलेम बॅरेन्ट्स या डच दर्यावर्दीने ही बेटे पाहिली, आणि त्यानंतरच्या शतकात युरोपची जहाजे देवमाशांच्या मागे येथे लोटली. दिव्यांसाठी आणि साबणासाठी तेल हवे होते. स्मेरेनबुर्ग येथे चरबी उकळण्याच्या भट्ट्या पेटल्या आणि बोहेड जातीचा देवमासा या समुद्रातून जवळजवळ नाहीसा झाला. मग वॉलरसची पाळी आली, मग अस्वलांची. रेनडिअरला १९२५ साली संरक्षण मिळाले, वॉलरसला १९५२ साली, अस्वलाला १९७३ साली. आखूड पायांचे, गुबगुबीत रेनडिअर आज गावातल्या रस्त्याकडेला निर्धास्त चरतात. आमच्या निवासाच्या पायरीशी एक येऊन उभे राहिले, तेव्हा चिखलीच्या गल्लीतले वासरू आठवले.

पक्ष्यांविषयी थोडे लिहिल्याशिवाय राहवत नाही. टर्न म्हणजे आपल्या नदीकाठी दिसणाऱ्या सुरयांचा भाऊबंद. आर्क्टिक टर्न घरट्याजवळ आलेल्या माणसाच्या डोक्यावर सूर मारून टोचतो. म्हणून काठी डोक्यावर उंच धरून चालायचे, म्हणजे तो काठीवर राग काढतो. हा मूठभर पक्षी उन्हाळा उत्तर ध्रुवाकडे काढतो आणि हिवाळा लागताच दक्षिण ध्रुवाकडे जातो, तेव्हा तिकडे उन्हाळा असतो. ग्रीनलँडच्या टर्नना यंत्रे बांधून पाहिले तेव्हा त्यांचा वर्षाचा प्रवास सरासरी सत्तर हजार किलोमीटरांच्या घरात भरला. इतका सूर्यप्रकाश दुसऱ्या कोणत्याही प्राण्याच्या वाट्याला येत नाही असे म्हणतात.

माझ्या दृष्टीने सहलीचा सर्वोच्च बिंदू मात्र निसर्गात नव्हता. तो एक लॉकर होता. विमानतळावरच्या डोंगरात जागतिक बियाणे कोठार आहे. २६ फेब्रुवारी २००८ रोजी ते उघडले. आत सामान्य माणसाला प्रवेश नाही. डोंगरातून बाहेर आलेला काँक्रीटचा उभा दरवाजा तेवढा पाहायचा. गोठलेल्या खडकातील दालनांत उणे अठरा अंशांवर जगभरच्या पिकांचे तेरा लाखांहून अधिक नमुने ठेवले आहेत. ज्याने पेटी ठेवली त्याचीच मालकी. नॉर्वेसुद्धा ती उघडू शकत नाही. सेफ डिपॉझिट लॉकरचा हाच नियम मी आयुष्यभर ग्राहकांना समजावून सांगितला. सिरियातील युद्धामुळे अलेप्पोजवळची बियाणे पेढी चालवणे अशक्य झाले, तेव्हा त्या संस्थेने २०१५ साली येथून आपल्या पेट्या परत नेल्या, दुसऱ्या देशांत बी वाढवले आणि पुढे पुन्हा ठेव ठेवली. याहून चोख व्यवहार मी पाहिलेला नाही. २०१६ साली अवेळी पडलेल्या पावसाचे व वितळलेल्या बर्फाचे पाणी प्रवेशाच्या बोगद्यात शिरले. बियाण्यापर्यंत ते पोहोचले नाही. परंतु कायम गोठलेली म्हणून जी जमीन निवडली तीही कायमची नाही हे कळून चुकले, आणि बोगदा नव्याने जलरोधक करावा लागला.

या कोठारात हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेने ठेवलेले एक लाखाहून अधिक नमुने आहेत : ज्वारी, बाजरी, हरभरा, तूर, भुईमूग. म्हणजे आपलेच कोरडवाहू रान. नोकरीच्या सुरुवातीला मी ज्या शेतांना पीककर्ज दिले तेथे खरिपात ज्वारी हमखास उभी असे. निवृत्त होताना त्याच गटांच्या कागदावर सोयाबीन होते. कर्ज मंजूर करणाऱ्यांत मीही होतो, तेव्हा दोष दुसऱ्यावर टाकता येत नाही. त्या दारासमोर उभा असताना मला भगवती सूत्राच्या सहाव्या शतकातला एक प्रश्नोत्तरांचा भाग आठवला. कोठीत, कणगीत भरून, शेणाने लिंपून, झाकून, मुद्रा करून ठेवलेल्या धान्याची योनी, म्हणजे उगवण्याची शक्ती, किती काळ टिकते, असे गौतमस्वामी विचारतात. साळी, गहू, जव यांची अधिकात अधिक तीन वर्षे. मूग, उडीद, मसूर, कुळीथ अशा कडधान्यांची पाच. जवस, करडई, मोहरी यांची सात, असे भगवंतांचे उत्तर. लिंपलेली कणगी ती, आणि हा डोंगर ही. येथे काही बियांची शक्ती दशकानुदशके, काहींची त्याहूनही पुष्कळ अधिक टिकावी अशी अपेक्षा आहे. सौ.ला मी हे सांगितले. ती म्हणाली, ‘म्हणजे आत सगळे सचित्त आहे. लाखो जीव झोपले आहेत.’ आणि तिने दाराकडे पाहून हात जोडले. शेजारी छायाचित्र काढणाऱ्या जर्मन दांपत्याला याचा अर्थ कन्येने काय सांगितला, ते मला कळले नाही.

अखेरच्या दिवशी नौकेने बिलेफ्योर्डमधील नॉर्डेनशोल्ड हिमनदी पाहायला गेलो. समोरच्या काठावर पिरामिडन हे १९९८ साली ओस पडलेले रशियन खाणगाव आहे, लेनिनचा अर्धपुतळा अजून हिमनदीकडे तोंड करून उभा आहे. नौकेवर जेवण दोन वाजता मिळेल असे सांगितले होते, आणि कांदा, लसूण, बटाटा न घालता सौ.साठी भात-भाजी करण्याचे आचाऱ्याने मान्य केले होते. तिने त्या भरवशावर डबा घेतला नव्हता. सकाळी नऊला थोडा खाकरा आणि दूध, एवढ्यावर ती निघाली होती.

दीडच्या सुमारास काठाजवळच्या बर्फावर अस्वल दिसले. कप्तानाने यंत्र थांबवले. ३० जूनपर्यंत अस्वलापासून पाचशे मीटरांचे अंतर राखण्याचा नियम आहे, पुढे तो तीनशेवर येतो. आम्ही दुर्बिणीतून पाहत राहिलो. पिवळसर, संथ, आमच्याशी काही देणेघेणे नसलेले ते जनावर एकदा झोपले, उठले, पुन्हा झोपले. मागे हिमनदीचा निळा कडा कोसळल्याचा आवाज तोफेसारखा आला आणि मागाहून लाट. आचारीही फळीवर येऊन उभा होता. जेवणाची आठवण कोणालाच राहिली नाही, मलाही नाही. ताटे मांडली गेली तेव्हा चार वाजायला पाच मिनिटे होती.

आचाऱ्याने वेगळे केलेले ताट मोठ्या प्रेमाने सौ.समोर ठेवले. तिने घड्याळ पाहिले आणि हात जोडून ते बाजूला सारले. कन्या कळवळून म्हणाली, ‘आई, वर बघ ना, सूर्य डोळ्यांत येतोय. वीस मिनिटांचा तर प्रश्न आहे.’

‘तो इथला,’ सौ. म्हणाली. ‘माझा मावळला.’

उणे अंशांचा वारा होता, तिने सकाळपासून नीट खाल्ले नव्हते, आणि आता पाणीही नाही. मी महासतीजींच्या सवलतीची आठवण दिली. ती म्हणाली, ‘त्या प्रकृती बिघडली तर म्हणाल्या होत्या. मला फक्त भूक लागली आहे.’ माझ्यासमोरचे ताट निवत होते. मी जेवलो. हे लिहिताना संकोच होतो, परंतु लेख प्रांजळ असावा.

परतल्यावर ती लवकर पडून राहिली. मी जागाच होतो. तीनला ती उठली, तोंड धुतले, डबीतला कागद काढून एकवार पाहिला, नवकार म्हटला आणि पच्चक्खाण पारले. कन्येच्या घरून येताना भाजून आणलेल्या ज्वारीच्या दोन भाकरी, शेंगदाण्याची चटणी, आणि आधी पेलाभर पाणी. पडदा तिने सारा बाजूला केला होता. रस्ता रिकामा होता, समोरच्या डोंगरावर ऊन पडले होते आणि पायरीशी ते आखूड पायांचे रेनडिअर चरत होते. भाकरीचा एक चतकोर तिने माझ्या पुढ्यात ठेवला.